घराचे फोटो काढताय? आधी पाण्याची टाकी दाखवा

लातूर-नांदेडला घराचे फोटो काढायचे पैसे कोण देणार, असं बऱ्याच जणांना वाटतं. बघा, दोन्ही शहरांत नीट-जेईईच्या क्लासेसला बाहेरगावची मुलं येतात. किनवटला बसलेले पालक खोली आधी मोबाईलवरच बघतात, आणि पहिला प्रश्न पाण्याचा विचारतात. 2016 मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं, ते कुणी विसरलेलं नाही. म्हणून खोलीच्या आधी टाकी, बोअर, नळ यांचे फोटो घ्या.

खोलीचा फोटो कोपऱ्यातून, छातीच्या उंचीवरून, मोबाईल सरळ धरून काढायचा. खिडकी पाठीशी किंवा बाजूला ठेवा, समोर आली की खोली काळी पडते. आणि 0.5 ची वाईड लेन्स जपून वापरा! त्यात दहा बाय दहाची खोली हॉलसारखी दिसते. पालक दिवसभर एसटीने येतात, दारातूनच परत जातात. मीही सुरुवातीला असाच एक मालक कायमचा गमावलाय.

बिल्डरचं काम मिळालं तर? महारेरात नोंदलेल्या प्रकल्पाच्या जाहिरातीत नोंदणी क्रमांक लागतोच, 1 ऑगस्ट 2023 पासून क्यूआर कोडही. तेव्हा फोटोत आकाशाची थोडी जागा मोकळी सोडा.