अस्सल, नक्कल आणि संगणकाचा पडदा

मामलेदार कचेरीतून एखाद्या जुन्या दस्ताची नक्कल काढून घेतली, की ती अस्सलाशी ताडून पाहिल्याचा शेरा आणि कचेरीचा शिक्का तिच्या तळाशी उमटतो, आणि नकलेला किंमत येते ती त्या शेऱ्यामुळेच. संगणकाच्या पडद्यावर चाललेला व्हिडिओ टिपून ठेवण्याची सोय आज शाळकरी मुलांच्याही हाती आली आहे. परंतु तिने काढलेल्या नकलेवर ‘अस्सल बरहुकूम’ असा शेरा कोणत्याही प्रामाणिक कारकुनाला सहसा मारता यावयाचा नाही, आणि तो का मारता यावयाचा नाही हे उमगले म्हणजे या विद्येचे बहुतेक मर्म हाती आले असे समजण्यास हरकत नाही.

व्हिडिओ संगणकात येतो तो आकुंचित, सांकेतिक रूपाने. त्या संकेतांची उकल करून प्रत्येक क्षणाचे संपूर्ण चित्र स्मृतीच्या एका राखीव भागात मांडले जाते, आणि तेथून ते पडद्यावर प्रकट होते. स्क्रीन रेकॉर्डिंग करणारी प्रणाली मूळ फाइलीकडे ढुंकूनही पाहत नाही. ती या मांडलेल्या चित्राची प्रत सेकंदाला ३० किंवा ६० वेळा उचलते. त्यामुळे मूळ चित्रपट सेकंदाला २४ चित्रांचा असेल तर नकलेत काही चित्रे दोनदा येतात. आणि माउसचा बाण, मध्येच टपकलेला निरोप, कोपऱ्यातले घड्याळ असे जे जे त्या वेळी पडद्यावर असेल, ते ते त्या नकलेत निमूटपणे दाखल होते.

या उद्योगाचा व्याप किती, हे थोड्या हिशेबाने ध्यानात येईल. १९२० गुणिले १०८० आकाराच्या पडद्यावर २०,७३,६०० बिंदू असतात. प्रत्येक बिंदूच्या रंगाला ३ बाइट धरले, तर एका चित्राला सुमारे ६२ लाख बाइट लागतात, आणि सेकंदाला ३० चित्रे या मानाने तासाभराची नोंद सुमारे ६७० गिगाबाइट भरते. इतके ओझे साधा संगणक वाहणार कसा? २००३ साली प्रमाणित झालेल्या एच.२६४ सारख्या पद्धती येथे मुरलेल्या कारकुनाच्या युक्तीने काम करतात: एक चित्र पुरे नोंदवावयाचे, पुढच्या चित्रांत जे बदलले तेवढेच टिपावयाचे, आणि जे बदलले नाही तेथे जणू ‘वरीलप्रमाणे’ लिहून मोकळे व्हावयाचे. मात्र असे करताना, डोळ्याला सहज जाणवणार नाहीत असे बारकावे ही पद्धत टाकूनही देते. मूळ व्हिडिओने ही झीज एकदा सोसलेली असतेच. पडद्यावरून घेतलेल्या नकलेला ती दुसऱ्यांदा सोसावी लागते.

ध्वनीचे खाते तर अगदीच निराळे. व्हिडिओचा आवाज संगणकाच्या आतून घ्यावयाचा की मायक्रोफोनमधून, हे आधी ठरवावे लागते. दुसरा मार्ग नकळत निवडला गेला, तर गाण्याबरोबर स्वयंपाकघरातील कुकरच्या शिट्ट्याही चिरंजीव होतात. साधनांची वाण नाही: विंडोज ११ मधील स्निपिंग टूल, मॅकवर कमांड, शिफ्ट आणि ५ या तीन कळा, किंवा ओबीएस स्टुडिओ हे विनामूल्य सॉफ्टवेअर यांपैकी कोणतेही चालते. एमपी४ फाइलीची अनुक्रमणिका सामान्यतः नोंद संपल्यावर लिहिली जाते, त्यामुळे मध्येच वीज गेली तर सारे दप्तर असूनही वाचता येत नाही. एमकेव्ही प्रकारात झालेली नोंद बहुधा वाचते. म्हणून प्रथम मिनिटभराची रंगीत तालीम करावी हे बरे.

कधी कधी सारे यथासांग करूनही नकलेत केवळ काळा चौकोन येतो. वर्गणी घेऊन चित्रपट दाखविणाऱ्या अनेक सेवा आपले चित्र अशा संरक्षित मार्गाने पडद्यापर्यंत नेतात, की रेकॉर्डिंग प्रणालीच्या हाती ते लागतच नाही. हा दोष नव्हे, बंदोबस्त होय. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात २०१२ साली घातलेल्या कलम ६५ अ प्रमाणे हक्कभंगाच्या हेतूने असा बंदोबस्त मोडणे हा दोन वर्षांपर्यंतच्या कैदेस आणि दंडास पात्र असा गुन्हा आहे.

परंतु ज्याची अस्सल प्रत अन्यत्र कोठेच नसते, असेही पुष्कळ काही पडद्यावर घडत असते. आयआयटी मुंबईच्या ‘स्पोकन ट्यूटोरियल’ उपक्रमातील सुमारे दहा मिनिटांच्या पाठांत एखादे सॉफ्टवेअर कसे चालवावे हे पडद्यावरील प्रत्यक्ष क्रियेतूनच दाखविलेले असते, आणि त्या चित्राला मराठीसह अनेक भारतीय भाषांतील निवेदन जोडता येते. तेथे पडद्यावरची क्रिया हाच अस्सल दस्त असतो. परदेशी असलेल्या नातवाशी आजीने व्हिडिओवर मारलेल्या गप्पांचेही तसेच. दोघांच्या संमतीने त्या टिपल्या, तरच त्या मागे उरतात.

पडदा टिपण्याची ही खटपट संगणकाहून जुनी आहे. चुंबकीय फितीवर दूरचित्रवाणी नोंदविणारे ॲम्पेक्स कंपनीचे यंत्र १९५६ साली आले. त्यापूर्वी, १९४७ पासून, अमेरिकेत दूरचित्रवाणीच्या पडद्यासमोर फिल्मचा कॅमेरा ठेवून कार्यक्रम जतन करीत, आणि त्या पद्धतीला किनेस्कोप म्हणत. पुढे जुलै १९६९ मध्ये अपोलो ११ मधील मानवाचे चंद्रावरचे पहिले पाऊल जगाने पाहिले, तेही अशाच एका नकलेतून: चंद्रावरून येणारे चित्र सेकंदाला १० चित्रे आणि ३२० रेषा अशा मापाचे असल्याने ते नेहमीच्या दूरचित्रवाणीत बसत नव्हते, म्हणून पृथ्वीवर ते एका पडद्यावर उमटवून त्या पडद्यासमोर दुसरा कॅमेरा रोखण्यात आला. चंद्रावरून आलेल्या मूळ संकेतांच्या फिती पुढे शोधूनही सापडल्या नाहीत, बहुधा त्या पुसून पुन्हा वापरल्या गेल्या होत्या. आणि २००९ साली नासाने त्या प्रसंगाचे चित्र उजळावयास घेतले, तेव्हा हाताशी होत्या त्या इकडेतिकडे जपलेल्या नकलाच. कोणती नक्कल कोठून आली हे ठाऊक होते, म्हणून त्यांतली सरस ती निवडता आली. आपणही पडद्यावरून काही टिपले, तर फाइलीच्या नावात तारीख आणि मूळ ठिकाण तेवढे लिहून ठेवावे. ‘अस्सल बरहुकूम’ असा शेरा आपल्या हाती नाही, पण ‘अमुक दिवशी, अमुक पडद्यावर हे असे दिसले’ एवढी साक्ष खचितच आपल्या हाती आहे.