फाशीची कोठडी आणि एकांतवास

फाशी सुनावली की कैद्याला एकट्याला कोठडीत डांबायचं, ही तुरुंगांची जुनी रीत. १८९४च्या तुरुंग कायद्याचं कलम ३० त्यासाठी पुढे केलं जाई. दिल्लीच्या तिहार तुरुंगातले फाशीचे कैदी सुनील बत्रा यांनी त्याला आव्हान दिलं. १९७८मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बजावलं: एकांतवास ही स्वतंत्र शिक्षा आहे, ती न्यायालयच देऊ शकतं, तुरुंगाधिकारी नव्हे. शिवाय अपील आणि दयेचा अर्ज निकाली निघेपर्यंत कैदी या कलमाखाली येतच नाही.

न्यायालयालाही हात मोकळे नाहीत. जुन्या दंडसंहितेतली मर्यादा आजच्या भारतीय न्याय संहितेत तशीच आहे: एकूण जास्तीत जास्त तीन महिने, आणि सलग चौदा दिवसांपेक्षा जास्त नाही.

तरीही बेळगावच्या तुरुंगात फाशीच्या एका कैद्याला सुमारे दहा वर्षं एकटं ठेवलं गेलं. त्याच्या मनावर झालेला परिणाम पाहून २०२२मध्ये सर्वोच्च न्यायालयाने फाशी रद्द करून जन्मठेप दिली. किमान तीस वर्षं मात्र भोगायचीच. गुन्हा भयंकर होता, पण कायद्यात नसलेली यातना देण्याचा अधिकार त्याने कुणाला मिळत नाही. निकाल १९७८चा होता. तो तुरुंगाच्या भिंतीआड पाळला जातो का, हे वेळच्या वेळी तपासलं असतं, तर ही दहा वर्षं टळली असती.