रौप्यफितींतील अदृश्य रंग

जुन्या कागदपत्रांच्या दफ्तरांबरोबर कधीं कधीं जुन्या चित्रफितींचे डबेहि संग्राहकांच्या हातीं येतात. त्यांतील १६ मिलिमीटर रुंदीची एखादी फीत उजेडाकडे धरली आणि ती काळी-पांढरी दिसली, म्हणजे यादींत तशी नोंद करून आपण मोकळे होतों. परंतु ही नोंद चुकीची असण्याचा संभव आहे. ज्या फितींत रंगद्रव्याचा लेशहि नाहीं, अशा फितींतहि रंग सांठविलेले असूं शकतात. आणि ते न ओळखतां केलेली डिजिटल प्रत त्या रंगांस कायमची मुकते. हे रंग कसे सांठविले जात, आणि ते स्कॅनरानें कसे वाचावे, एवढेंच येथें सांगावयाचें योजिलें आहे.

ईस्टमन कोडॅक कंपनीनें १९२८ सालीं हौशी लोकांकरितां ‘कोडॅकलर’ नांवाची फीत विक्रीस आणिली. तिची मूळ कल्पना फ्रान्समधील रोडोल्फ बेर्तों व आल्बेर केलर-दोरियां यांच्या प्रयत्नांतून आलेली. फितीच्या पाठीवर, तिच्या लांबीच्या दिशेनें, दर मिलिमीटरास सुमारें २२ याप्रमाणें अतिसूक्ष्म पन्हळी भिंगें दाबून उठविलेलीं असत. कॅमेऱ्याच्या भिंगापुढें तांबडा, हिरवा व निळा अशा तीन उभ्या पट्ट्यांची कांच बसवीत, आणि फीत पाठ पुढें करून घालीत. प्रत्येक सूक्ष्म भिंग त्या तीन पट्ट्यांची प्रतिमा आपल्या मागील चांदीच्या थरावर पाडी. अशा रीतीनें एकेका भिंगामागें तीन अरुंद रेषा उमटत, आणि प्रत्येक रेषेचा फिकेपणा आपापल्या रंगाचें प्रमाण सांगे. प्रोजेक्टरवर तसलीच कांच बसविली, कीं प्रकाश उलट मार्गानें जाऊन पडद्यावर रंग दिसत. १९३५ सालीं रंगद्रव्यांची कोडॅक्रोम फीत निघाली आणि ही पद्धति मागें पडली.

या फितीची पहिली खूण म्हणजे चांगल्या भिंगांतून पाहिलें असतां चित्रभर दिसणाऱ्या बारीक उभ्या रेषा. नांवावर मात्र विसंबूं नये. ‘कोडॅकलर’ हेंच नांव कंपनीनें १९४२ पासून अगदीं निराळ्या, छायाचित्रांच्या निगेटिव्ह फिल्मला दिलें. दुसरी गोष्ट अशी, कीं कॅमेऱ्यांत घातलेली फीतच धुऊन दाखविण्याकरितां वापरीत. निराळी निगेटिव्ह उरत नसे. तेव्हां हातीं आलेली फीत ही बहुधा एकमेव मूळ प्रत समजावी.

आतां स्कॅनिंगाचा हिशेब पाहूं. १६ मिलिमीटर फितींतील चित्राची रुंदी सुमारें १० मिलिमीटर. म्हणजे आडवीं सुमारें २२० भिंगें आणि ६६० रेषा. प्रत्येक रेषेस निदान दोन पिक्सेल धरले तरी १३२० लागतात. जुन्या व्हिडिओच्या मापानें ७२० पिक्सेलांची प्रत केली, तर रेषा एकमेकींत मिसळून जातात व उरते तें करडें चित्र. २०४८ पिक्सेलांत एका भिंगास सुमारें ९ पिक्सेल मिळतात, ४०९६ त सुमारें १८. फीत कालांतरानें आकसते, वांकडी होते, आणि भिंगांच्या सीमा सरळ राहत नाहींत. यास्तव मोठें मापच पत्करावें.

स्वित्झर्लंडमधील बाझेल विद्यापीठांत योआकिम रॉयटेलर व रुडोल्फ ग्श्विन्ट यांनीं अशा स्कॅनवरून रंग परत जुळविण्याची संगणकीय रीत सिद्ध केली. ती भिंगांच्या सीमा शोधते, प्रत्येकाचे तीन भाग पाडते आणि त्यांवरून रंग मांडते. येथें तीन गोष्टी संभाळाव्या. ओरखडे झांकण्याकरितां फीत द्रवांत भिजवून स्कॅन करूं नये. द्रवानें पन्हळी भरून भिंगांच्या सीमा पुसट होतात. अवरक्त किरणांनीं धूळ काढण्याची सोयहि बंद ठेवावी. चांदी ते किरण अडविते, आणि यंत्र चित्रालाच धूळ समजतें. तिसरें, प्रत आकसवून सांठवूं नये. त्यांत पहिल्यानें बारीक रेषाच नष्ट होतात. शिवाय चित्राची डावी-उजवी बाजू उलटली, तर तांबड्याच्या जागीं निळा येतो, हेंहि ध्यानांत असावें.

मोडी पत्राचें बाळबोध वाचन छापतांना संपादकानें लाविलेलीं अक्षरें आपण कंसांत दाखवितों. तोच न्याय येथें लागू आहे. संगणकानें जुळविलेले रंग हें वाचन होय, मूळ नव्हे. म्हणून रेषांसह घेतलेला कच्चा स्कॅन, रंगीत प्रत आणि मूळ फीत हीं तिन्ही निरनिराळीं जपावीं, व कोणती कशी झाली तें यादींत लिहावें. पुढें वाचनाची अधिक चांगली रीत निघेल; पण डिजिटल प्रत झाली म्हणून मूळ फीत टाकून दिली, तर त्या वेळीं वाचावयास कांहींच उरणार नाहीं. यासाठीं संग्राहकांस आमची विनंति एवढीच, कीं ‘काळी-पांढरी’ असा शेरा मारण्यापूर्वीं फीत एकदां भिंगाखालीं धरावी.