उद्योजकाचे गुण आणि पाठीशी उभी असणारी माणसे

धंदा रक्तात असावा लागतो, असे आपल्याकडे सर्रास बोलले जाते. जिद्द, धाडस आणि कष्टाची तयारी असली की यश मिळते, असेही सांगितले जाते. बँकेत बसून वर्षानुवर्षे कर्जाचे अर्ज पाहिल्यावर माझे मत थोडे निराळे झाले आहे.

प्रथम आपल्या घरातलेच उदाहरण घेऊ. १९१७ साली बडोद्याची नोकरी सोडून डॉ. बाबासाहेब आंबेडकर मुंबईस आले. कोलंबिया विद्यापीठात अर्थशास्त्राचे उच्च शिक्षण घेतलेल्या या विद्वानाने शेअर व रोख्यांच्या व्यवहारात सल्ला देणारी पेढी काढली. ज्ञान होते, कष्ट होते, निष्ठा होती. परंतु सल्ला देणारा अस्पृश्य आहे हे कळताच गिऱ्हाइके येईनाशी झाली आणि पेढी बंद पडली. त्यांच्या गुणांत काय उणे होते? उणे होता तो समाजाचा विश्वास.

आता आपल्या नाशिककडे पाहू. गंगापूर परिसरातील 'सुला' ही द्राक्षमद्याची कंपनी राजीव सामंत यांनी उभारली. पंचशील पाळणाऱ्यांना त्या मालाशी कर्तव्य नाही. पण तो उद्योग कसा घडला, हे समजून घेण्यासारखे आहे. सामंत अमेरिकेत स्टॅनफर्डला शिकले, तेथे ओरॅकल कंपनीत नोकरी केली आणि ती सोडून परतले. पहिली वाइन २००० साली बाजारात आली. तत्पूर्वी त्यांनी आंब्यासारखी पिके करून पाहिली होती. धाडस त्यांचे खरेच. पण पायाखाली घरची जमीन होती. पहिला डाव फसला तरी दुसरा मांडता आला. ज्याच्या एका पगारावर सात माणसे जेवतात, त्याला दुसरा डाव मिळत नाही.

मग ज्याच्याकडे जमीनजुमला नाही, त्याने काय करावे? तासगाव तालुक्यातील पेड गावचे अशोक खाडे यांचे उदाहरण बोलके आहे. वडील मुंबईत चपला शिवीत. अशोकरावांनी माझगाव डॉकमध्ये नोकरी केली, काम आतून शिकून घेतले आणि मग भावांसह समुद्रातील तेलविहिरींची कामे करणारी कंपनी काढली. दत्ता, अशोक, सुरेश या तिघांच्या आद्याक्षरांवरून तिचे नाव 'दास'. येथे नोकरी हेच भांडवल झाले आणि भाऊ हेच पाठबळ.

अमेरिकेतील संशोधकांनी २०१८ साली मांडलेले निष्कर्षही हेच सुचवतात. तेथे सर्वांत वेगाने वाढलेल्या कंपन्यांच्या संस्थापकांचे सुरुवातीचे सरासरी वय ४५ निघाले आणि त्याच धंद्यातला पूर्वानुभव असणाऱ्यांना यश अधिक लाभलेले दिसले. म्हणजे चाळिशी उलटली म्हणून उमेद सोडण्याचे कारण नाही.

एक कबुली देतो. नात्यातील एक तरुण सातपूरच्या कारखान्यात दहा वर्षे वेल्डिंग करीत होता. फॅब्रिकेशनचे दुकान टाकण्यासाठी त्याला एका ठिकाणी जामीनदार मागितला. तो माझ्याकडे आला. घराच्या हप्त्यांचे कारण सांगून मी सही नाकारली. त्याच्यात कोणता गुण कमी होता, हे मला आजही सांगता येणार नाही. कमी पडलो तो मी.

२०१५ साली सुरू झालेल्या मुद्रा योजनेत १० लाखांपर्यंतचे कर्ज तारणाशिवाय मिळू लागले. २००५ साली मिलिंद कांबळे यांनी पुण्यात दलित उद्योजकांचे 'डिक्की' हे चेंबर स्थापन केले. वाटा आहेत. तरीही पहिले गिऱ्हाईक, हिशेबाची वही नीट ठेवायला शिकवणारा कोणी आणि अपयशानंतर घरात टोमणा न मारणारी माणसे कोणत्याही योजनेत मिळत नाहीत. ती आपणच द्यायची आहेत.

आपल्या वस्तीत एखाद्याने दुकान उघडले, तर पहिली खरेदी आपली असावी. आणि ती उधारीवर नसावी!