निद्राश्वासावरोध : चिकित्सेचा पहिला महिना

सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात अतिस्थूल व्यक्तीस जडणाऱ्या उपद्रवांची जी गणना आली आहे, तीत क्षुद्रश्वास, अतिनिद्रा व अतिस्वेद यांच्या जोडीला ‘क्रथन’ हा शब्द येतो. टीकाकार त्याचा अर्थ श्वासाच्या अवरोधाकडे नेतात. आपणांपैकी बहुतेकांनी हा शब्द परीक्षेपुरता पाठ केला आणि पुढे तो विस्मरणात गेला. क्रथन म्हणजेच स्लीप ॲप्निया असे समीकरण मांडण्याचा येथे आग्रह नाही, कारण सडपातळ बांध्याच्या आणि आखूड हनुवटीच्या रुग्णांतही हा विकार आढळतो. परंतु घोरणाऱ्या, दिवसा पेंगणाऱ्या मेदस्वी रुग्णाकडे केवळ कफप्रकृतीचा सुखवस्तू माणूस म्हणून पाहू नये, एवढा बोध त्या एका शब्दातून निश्चित घेता येतो.

झोपेत घशाचे स्नायू शिथिल होतात, जीभ व मृदुतालू मागे सरकतात आणि श्वासमार्ग मिटतो. छाती-पोटाची धडपड चालू असते, पण हवा आत जात नाही. असा खंड १० सेकंद वा त्याहून अधिक काळ टिकला की तो एक अवरोध मोजला जातो. रक्तातील प्राणवायू उतरतो, मेंदू क्षणभर जागा होतो, रुग्ण मोठ्याने श्वास ओढतो व पुन्हा झोपतो. सकाळी यांपैकी काहीही त्याला आठवत नाही. पूर्ण व अर्धवट अवरोध मिळून दर तासाची जी सरासरी निघते, तिला एएचआय म्हणतात. ती ५ ते १५ असल्यास व्याधी सौम्य, १५ ते ३० असल्यास मध्यम आणि ३० च्या वर तीव्र समजतात. तीव्र रुग्ण म्हणजे दर दोन मिनिटांस किमान एकदा गुदमरणारा रुग्ण, हे ध्यानात घेतले की सकाळची डोकेदुखी, रात्री वारंवार लघवीस उठणे आणि औषधांनी न उतरणारा रक्तदाब यांची संगती लागते.

निदानाविषयी थोडक्यात लिहितो. टोरंटो येथे तयार होऊन २००८ साली प्रसिद्ध झालेली ‘स्टॉप-बँग’ ही आठ प्रश्नांची यादी कोणत्याही चिकित्सालयात पाच मिनिटांत भरून होते. तीन वा अधिक उत्तरे होकारार्थी आल्यास रुग्णास निद्रा-परीक्षणासाठी पाठवावे. दिवसाची पेंग मोजण्यास १९९१ ची एपवर्थ मापिका आहे, तिच्या २४ गुणांपैकी १० हून अधिक आल्यास पेंग प्राकृत मानत नाहीत. या कामी रुग्णापेक्षा त्याच्या पत्नीची साक्ष अधिक विश्वसनीय असते. नाडीपरीक्षेवरून एएचआय कळत नाही, हे स्पष्ट लिहिलेले बरे.

प्रस्तुत लेखाचा खरा विषय याच्या पुढचा आहे. परीक्षण होते, श्वसनविकारतज्ज्ञ सीपॅप यंत्र सुचवितात, रुग्ण ते घरी आणतो आणि आठ-दहा दिवसांनी आपल्याकडे येतो. यंत्र देणारा दूर शहरात असतो, तज्ज्ञांची पुढची तारीख महिन्यानंतरची असते, आणि आपण त्याच्या घरचे वैद्य असतो. “वैद्यराज, हे नको, काही काढा द्या,” असे तो म्हणतो. त्या क्षणी आपण काय बोलतो, यावर यंत्र उशाशी राहणार की माळ्यावर जाणार हे पुष्कळ अंशी ठरते.

म्हणून यंत्राचे तत्त्व आपणांस ठाऊक असले पाहिजे. १९८१ साली सिडनीच्या कॉलिन सुलिव्हन व सहकाऱ्यांनी ही पद्धत ‘लॅन्सेट’मध्ये मांडली. नाकावाटे दिलेला हवेचा अखंड दाब श्वासमार्गास आतून आधार देतो व तो मिटू देत नाही. हा दाब साधारणतः पाण्याच्या स्तंभाच्या ४ ते २० सेंटिमीटर या मर्यादेत असतो. यंत्र खोलीतील साधीच हवा देते, प्राणवायू नव्हे. मुखवटा लावलेला पाहून घरचे लोक ‘ऑक्सिजन लागला’ म्हणून घाबरतात व शेजारी भेटायला येतात, तेव्हा एवढा खुलासा आपण आधीच करून ठेवावा. यंत्राने व्याधी समूळ जात नाही. ते ज्या रात्री लावले त्या रात्रीपुरता अवरोध टळतो, चष्मा लावला की दिसते तसा.

पहिल्या महिन्यातील तक्रारींपैकी सर्वांत महत्त्वाची नाकाची. नाक चोंदलेले असेल तर हा उपाय उभाच राहत नाही. नाकाचा पडदा तिरपा असल्यास वा आत मांसांकुर असल्यास नासारोगतज्ज्ञांचे मत घ्यावे. इतरांना उकळून कोमट केलेल्या पाण्याची, मीठ घातलेली जलनेती सायंकाळी चांगली उपयोगी पडते. प्रतिमर्श नस्य मात्र सकाळी द्यावे. रात्री अणुतैल घालून लगेच मुखवटा लावू नये, कारण दाबाच्या हवेबरोबर तैलांश खाली फुप्फुसांकडे जाणे इष्ट नाही. शिवाय चेहऱ्यावरील तेलाने मुखवट्याची सिलिकॉनची गादी घसरते, हवा गळते आणि गादीही लवकर खराब होते. ज्यांना शिरोभ्यंगाची वा मुखाभ्यंगाची सवय आहे, त्यांनी तो सकाळी करावा व झोपण्यापूर्वी साध्या साबणाने चेहरा धुवावा. ही सूचना यंत्र विकणारा करणार नाही, कारण आपण काय लिहून देतो हे त्यास माहीत नसते.

याच संदर्भात सर्पगंधेचा विचार अगत्याचा आहे. रक्तदाब व अनिद्रा या दोहोंसाठी आपल्याकडे सर्पगंधाघन वटी सर्रास दिली जाते, आणि या रुग्णांत रक्तदाब तर बहुधा असतोच. सर्पगंधेतील रिसर्पिन या घटकाने नाक चोंदते, हा त्याचा सुपरिचित उपद्रव आहे. नाक बंद, म्हणून मुखवटा सहन होत नाही, म्हणून झोप नाही, म्हणून पुन्हा सर्पगंधा, असे हे चक्र फिरत राहते. नाक का चोंदते याचा शोध घेताना आपलीच चिठ्ठी आधी तपासावी.

तोंड कोरडे पडते ही दुसरी तक्रार. येथे पित्तशामक औषधे शोधण्यापूर्वी रुग्ण झोपेत तोंड उघडे ठेवतो का, हे घरच्यांस विचारावे. नाकातून दिलेली हवा तोंडावाटे निघून जात असेल तर नाक मोकळे करणे, हनुवटीचा पट्टा किंवा नाक-तोंड दोन्ही झाकणारा मुखवटा हा उपाय आहे. हवा दमट करणारे पात्र यंत्रास असते, त्यात ऊर्ध्वपातित पाणी घालावे व ते रोज बदलावे. पोटफुगीचेही असेच. सकाळी पोट तट्ट फुगलेले, ढेकरा चालू, हे ऐकताच आपला हात हिंग्वष्टक चूर्णाकडे जातो. त्याने बरे वाटेलही, पण मूळ कारण गिळलेली हवा हे आहे. दाब अधिक असणे, गळती भरून काढण्यासाठी यंत्राने दाब वाढविणे किंवा रात्री उशिरा भरपेट जेवून आडवे होणे, यांतून ती गिळली जाते. दाब बदलणे हे तज्ज्ञांचे काम आहे. जेवण सायंकाळी आठच्या आत व हलके, हे आपले काम, आणि त्याचा गुण चार दिवसांत दिसतो.

मुखवटा बसून नव्हे, आडवे झाल्यावर, यंत्र चालू असताना बेतावा. गळते म्हणून पट्टे आवळत गेल्यास नाकाच्या दांडीवर व्रण होतो व गळती थांबत नाही. बहुधा माप चुकलेले असते किंवा दाट मिशा आड येतात. ज्यांना गुदमरल्यासारखे वाटते त्यांनी दिवसा, जागेपणी, वर्तमानपत्र वाचताना पंधरा-वीस मिनिटे यंत्र लावून बसावे व मगच रात्रीचा प्रयोग करावा. यंत्रात दाब हळूहळू चढविण्याची सोय असते, ती चालू आहे का हे विचारावे. आपल्या तालुक्याच्या गावी विजेचाही प्रश्न येतो. यंत्र इन्व्हर्टरवर चालते, मात्र पाणी तापविणारा भाग अधिक वीज घेतो. तो बंद ठेवल्यास रात्र निभते.

माझ्याकडील एक रुग्ण, वय ५१, मालवाहू टेम्पोचा चालक, एएचआय ४२. नवव्या दिवशी यंत्र बंद करून आला. पोटफुगी, कोरडे तोंड आणि अपुरी झोप या तक्रारी होत्या. मधल्या काळात त्याने एका दुकानातून चिठ्ठीशिवाय झोपेच्या गोळ्या आणून चार रात्री घेतल्या होत्या, यंत्राविना. पाचव्या दिवशी पहाटे घाटात गाडी कठड्याला घासली, ती त्या गोळ्यांची पेंग की रात्रीच्या अवरोधाची, हे सांगणे कठीण. गोळ्या थांबवून, रात्रीचे जेवण लवकर करवून, तज्ज्ञांशी दूरध्वनीवर बोलून मुखवटा बदलून घेतला, आणि सलग सात रात्री यंत्र लागेपर्यंत गाडी हाकू नये असे त्याच्या पत्नीसमक्ष बजावले. तिसऱ्या आठवड्यात तो रोज सहा तास यंत्र लावू लागला.

औषधविक्रेत्या बंधू-भगिनींसाठी हा भाग मुद्दाम लिहीत आहे. घोरणाऱ्या व दिवसा पेंगणाऱ्या माणसास निद्राकर औषध देणे म्हणजे आधीच शिथिल होणारा घसा अधिक शिथिल करणे आणि गुदमरल्यावर जागे होण्याची जी शेवटची सोय, तीही बोथट करणे. अल्प्राझोलाम, डायझेपाम, झोल्पिडेम ही औषधे परिशिष्ट एच-१ मध्ये आहेत, ती चिठ्ठीशिवाय द्यायचीच नाहीत. अहिफेन वा विजयायुक्त कल्पांनाही हीच दक्षता लागू होते, आणि रात्रीच्या मद्यालाही. ‘आयुर्वेदिक आहे, चालेल’ हे वाक्य या रुग्णाच्या बाबतीत काउंटरवरून उच्चारू नये. नाक मोकळे करणारे ऑक्सिमेटाझोलिनसारखे थेंब काही दिवसांपलीकडे चालू ठेवल्यास नाक उलट अधिक चोंदते, हेही गिऱ्हाइकास सांगावे.

जुने यंत्र स्वस्तात घेण्याचा मोह अनेकांना होतो. जून २०२१ मध्ये फिलिप्स कंपनीने ध्वनिरोधक फोम झिजून त्याचे कण व वायू हवेत मिसळण्याच्या शक्यतेवरून आपली लक्षावधी यंत्रे परत मागविली होती. तेव्हा वापरलेले यंत्र घेणाऱ्याने त्याचे मॉडेल व क्रमांक तपासल्याखेरीज पैसे देऊ नयेत.

किती तास लावावे, हा प्रश्न हमखास येतो. निदान ७० टक्के रात्री ४ तास, ही अमेरिकेतील विमा व्यवस्थेने रूढ केलेली किमान मर्यादा आहे, आदर्श नव्हे. जितकी झोप तितके यंत्र. मात्र ‘याने हृदयविकार टळेल’ असे आश्वासन देऊ नये. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या ‘सेव्ह’ या मोठ्या अभ्यासात हृदय व मेंदूच्या रक्तवाहिन्यांचे विकार आधीच असलेल्या रुग्णांत यंत्राने पुढील झटके कमी झाले नाहीत. तेथे सरासरी वापर रात्री ३.३ तासच होता, हे त्याबरोबरच सांगावे लागते. दिवसाची पेंग कमी होणे, हा लाभ मात्र त्याही अभ्यासात स्पष्ट दिसला.

मग आयुर्वेदाचे स्थान कोठे? ते मेदाच्या चिकित्सेत आहे आणि ते लहान नाही. अमेरिकेतील विस्कॉन्सिनच्या २००० सालच्या अभ्यासात वजनात १० टक्के घट झालेल्यांचा एएचआय सुमारे २६ टक्क्यांनी उतरल्याचे आढळले. लेखन, उद्वर्तन, त्रिफळा-गुग्गुळाचे कल्प, रूक्ष व लघु आहार, चंक्रमण ही आपली साधने आहेत. चरकाने मेदस्वी व्यक्तीस दिवास्वाप वर्ज्य सांगितला आहे, पण ज्याची रात्र शेकडो वेळा तुटते त्यास दिवसा झोपू नको म्हणून रागावणे व्यर्थ होय. येथे दिवास्वाप हेतू आहे तसाच लक्षणही आहे. रात्रीचे यंत्र नीट लागले की तो बहुधा आपोआप सुटतो, आणि तोवर दुपारी डोळा लागलाच तर त्या वेळीही मुखवटा असावा. शंखवादनाविषयी २०२५ मध्ये जयपूर येथील एका अभ्यासाची बरीच चर्चा झाली. मध्यम अवरोधाचे ३० रुग्ण, सहा महिने, आठवड्यातून पाच दिवस सराव, आणि परिणाम आशादायक. सौम्य-मध्यम रुग्णास जोड म्हणून तो अवश्य सांगावा. परंतु एवढ्या छोट्या अभ्यासाच्या बळावर तीव्र रुग्णाचे यंत्र काढून हाती शंख देणे शास्त्रास धरून होणार नाही.

वजन उतरले, घोरणे थांबले, आता यंत्र सोडू का, असे रुग्ण विचारील तेव्हा उत्तर एकच : पुन्हा परीक्षण. घोरण्याचा आवाज गेला तरी अवरोध राहू शकतो. यासाठी नोंदवहीत पहिला एएचआय, वजन, मानेचा घेर, एपवर्थचे गुण व रक्तदाब ही पाच मापे तारखेसह लिहून ठेवावीत आणि दर तीन महिन्यांनी नवे आकडे त्याखाली घ्यावेत. यंत्राच्या पत्रिकेत रोजचे तास, गळती व उरलेले अवरोध नोंदलेले असतात. पुढील भेटीस येताना रुग्णाने ते यंत्रच पिशवीतून बरोबर आणावे, असे पहिल्याच दिवशी सांगून ठेवावे.