नाव चुकले, तर उपायही चुकतो

ताप एकच असतो, पण तो मलेरियाचा की डेंग्यूचा हे ठरल्याशिवाय नेमके उपचार करता येत नाहीत. शेतातील किडींवर सोडल्या जाणाऱ्या एका अतिसूक्ष्म माशीबाबतही असेच आहे.

या माशीचे नाव ट्रायकोग्रामा. गांधीलमाशीच्या दूरच्या नात्यातली ही माशी जेमतेम अर्धा मिलिमीटर लांब असते. ती माणसाला डसत नाही. मादी पतंगाच्या अंड्यात आपले अंडे घालते. तिची अळी ते अंडे आतून खाऊन वाढते, अंडे काळे पडते आणि आठ-दहा दिवसांत त्यातून नवी माशी बाहेर पडते. पीक पोखरणारी अळी जन्मालाच येत नाही. ऊस आणि भात पिकवणाऱ्या अनेक शेतकऱ्यांना ही माशी ‘ट्रायकोकार्ड’मुळे माहीत आहे.

मात्र ट्रायकोग्रामा हे नुसते आडनाव झाले. त्या आडनावाच्या जगभरात २००हून अधिक जाती आहेत आणि प्रत्येकीची आवड वेगळी. उसाच्या कांडी किडीसाठी ‘चिलोनिस’ वापरतात, तर भाताच्या खोडकिडीसाठी ‘जापोनिकम’. चुकीची जात सोडली, तर खर्च वाया जातो आणि कीड तशीच राहते.

पण ओळखायचे कसे? पूर्वी रंग आणि आकार पाहत. रंग तापमानानुसार बदलतो आणि आकार ज्या अंड्यात माशी वाढली त्यानुसार. ‘सेम्ब्लिडिस’ या जातीचा नर पतंगाच्या अंड्यातून आला तर त्याला पंख असतात. पाण्याकाठच्या अल्डरफ्लाय या कीटकाच्या अंड्यातून आला तर नसतात! त्यामुळे कित्येक वर्षे दिसेल त्या माशीवर ‘मिन्युटम’ किंवा ‘इव्हानेसन्स’ अशी चिठ्ठी लागत गेली. आपल्याकडची ‘चिलोनिस’ही बराच काळ परक्या नावांनी वावरली.

हा गोंधळ सोडवण्याची वाट बंगळुरूत सापडली. सुधा नागरकट्टी आणि एच. नागराजा या भारतीय शास्त्रज्ञांनी १९६८ आणि १९७१मध्ये दाखवून दिले, की नराच्या जननेंद्रियाची सूक्ष्मदर्शकाखाली दिसणारी रचना ही जात ओळखण्याची भरवशाची खूण आहे. जगभरच्या अभ्यासकांनी ही पद्धत स्वीकारली.

तरीही एक पेच उरला. काही ठिकाणच्या माश्यांमध्ये नरच नसतात. माद्या नराशिवाय माद्यांनाच जन्म देतात. मग खूण पाहायची कुठे? १९९०मध्ये संशोधकांनी अशा माद्यांना टेट्रासायक्लिनसारखी प्रतिजैविके दिली आणि पुढच्या पिढ्यांत नर दिसू लागले. म्हणजे नर नाहीसे होण्यामागे जंतूचा हात होता! तो वोल्बाकिया निघाला. हत्तीरोगाच्या कृमींच्या शरीरातही याच गटातील जंतू राहतात. म्हणूनच त्या आजारात डॉक्सिसायक्लिनचा उपयोग होतो. आता डीएनएच्या एका छोट्या तुकड्यावरूनही माशीची जात ठरवता येते, मग ती मादी असली तरी.

या खटाटोपाचा आपल्या आरोग्याशी थेट संबंध आहे. २०१७मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन अनेक शेतकरी, शेतमजुरांचे प्राण गेले आणि शेकडो जणांना रुग्णालयात दाखल व्हावे लागले. मित्रकीटकांमुळे जेवढी फवारणी टळेल, तेवढे विष श्वासातून आणि त्वचेतून शरीरात जाणे टळेल. पण नेमकी जात सोडली, तरच हा उपाय लागू पडतो. नाही तर कार्डे लावूनही अळ्या दिसतात, शेतकऱ्याचा विश्वास उडतो आणि पंप पुन्हा पाठीवर चढतो.

म्हणून ट्रायकोकार्ड घेताना माशीची जात कोणती आणि ती कोणत्या किडीसाठी आहे, हे जरूर विचारावे. किडीची अंडी दिसू लागताच कार्डे पानांच्या खालच्या बाजूला लावावीत आणि नंतर काही दिवस रासायनिक कीटकनाशक फवारू नये. त्याने कीड मरो न मरो, ही नाजूक माशी मात्र नक्की मरते.