अडगळीच्या वस्तूंचे संकलन : भार, अंतर आणि कामगाराची सुरक्षितता

नागरी वस्तीतून बाहेर पडणाऱ्या कचऱ्यात एक भाग असा असतो, की जो बादलीत मावत नाही व पिशवीत भरता येत नाही. मोडका पलंग, जुनी गादी, लोखंडी कपाट, बंद पडलेला दूरचित्रवाणी संच ह्या वस्तू ज्या दिवशी घरात अडगळ ठरतात, त्या दिवशी कोणाच्या तरी हातांनी उचलून त्या वाहनात चढवाव्या लागतात. नेहमीच्या कचऱ्याच्या बाबतीत ठरावीक मापाची चाकांची पेटी गाडीच्या मागील यंत्राने उचलून रिकामी करता येते. अडगळीच्या वस्तूंना ठरावीक आकारच नसल्यामुळे त्यांचे संकलन औद्योगिक दृष्ट्या प्रगत देशांतही मोठ्या प्रमाणावर अंगमेहनतीनेच चालते. ह्या कामातील धोका नेमका कशात आहे आणि तो कोणत्या टप्प्यावर टाळता येण्याजोगा आहे, ह्याचे विवेचन प्रस्तुत लेखात करावयाचे आहे.

श्रमिकांच्या संरक्षणाचा विचार परंपरेने वजनाच्या भाषेत झालेला आहे. आंतरराष्ट्रीय श्रमसंघटनेने १९६७ साली कमाल भारासंबंधीचा १२७ क्रमांकाचा करार संमत केला व त्याच्या जोडीच्या १२८ क्रमांकाच्या शिफारशीत प्रौढ पुरुषाने वाहून न्यावयाच्या भाराची मर्यादा ५५ किलोग्रॅमच्या वर असू नये, अशी दिशा दाखविली. महाराष्ट्रात १९६९ च्या माथाडी कायद्याने हमाली कामाच्या नियमनाचा पाया घातला. पोत्याचे वजन कमी व्हावे ही हमालांच्या चळवळीची जुनी मागणी होय. पोत्याच्या बाबतीत ही भाषा सर्वस्वी सार्थ आहे. पोत्याचे वजन आधीच ठाऊक असते, त्याचा आकार ठरलेला असतो आणि ते पाठीला लागून बसते. पलंगाच्या किंवा कपाटाच्या बाबतीत ह्यांपैकी एकही गोष्ट खरी नसते. तेथे केवळ वजनाची मर्यादा घालून देणे पुरेसे ठरत नाही.

ह्याचे कारण तरफेच्या साध्या नियमात आहे. कमरेतील मणक्यांमधील चकती हा टेकू मानल्यास पुढील बाजूस हातांतील भार असतो व मागील बाजूस पाठीचे स्नायू त्याला तोलून धरतात. स्नायूंची भुजा सुमारे ५ सेंटिमीटर इतकीच आखूड असते. चकतीपासून ५० सेंटिमीटर अंतरावर धरलेल्या २० किलोग्रॅम वस्तूचा तोल राखण्यासाठी स्नायूंना तिच्या दसपट, म्हणजे २०० किलोग्रॅम भाराइतका जोर लावावा लागतो, आणि हा सर्व जोर चकतीवर दाब म्हणून पडतो. पुढे झुकलेल्या धडाचा भार ह्यात धरलेलाच नाही. तीच वस्तू २५ सेंटिमीटरवर धरता आली तर स्नायूंचा जोर निम्म्यावर येतो. मोठ्या आकाराची वस्तू शरीराजवळ धरताच येत नाही, हाच तिचा मुख्य दोष होय.

अमेरिकेच्या राष्ट्रीय व्यावसायिक सुरक्षा व आरोग्य संस्थेने १९८१ साली भार उचलण्यासंबंधीचे एक समीकरण मांडले व १९९१ साली ते सुधारले. त्यात आदर्श स्थितीतील २३ किलोग्रॅम हा आरंभीचा भार मानून त्याला सहा गुणकांनी गुणले जाते. आडवे अंतर, उचलण्याच्या आरंभी हातांची उंची, उभे अंतर, शरीराला पडणारा पीळ, उचलण्याची वारंवारता आणि पकड हे ते सहा घटक होत. कोणताही गुणक एकाहून मोठा नसतो. अर्थात प्रत्येक अडचण मूळच्या २३ किलोग्रॅममधून काही ना काही वजा करीत जाते.

एक कल्पित उदाहरण घेऊ. रस्त्याकडेला ठेवलेली एक रुंद वस्तू तळाशी धरून ट्रकमध्ये चढवावयाची आहे. घोट्यांपासून हातांचे आडवे अंतर ५० सेंटिमीटर असल्यामुळे पहिला गुणक ०.५० येतो. हात जमिनीपासून १५ सेंटिमीटरवर असल्याने दुसरा ०.८२, वस्तू १०० सेंटिमीटर वर न्यावयाची असल्याने तिसरा ०.८६५, आणि ४५ अंश वळावे लागत असल्याने चौथा ०.८५६ येतो. दर पाच मिनिटांस एक याप्रमाणे दिवसभर काम चालल्यास पाचवा ०.८५ आणि धरावयास मूठ नसल्याने सहावा ०.९० धरावा लागतो. ह्या सर्वांचा गुणाकार केला असता २३ किलोग्रॅमचे सुमारे ५.३ किलोग्रॅम उरतात. एखादी साधी लाकडी खुर्चीही ह्या मर्यादेत बसेल अशी खात्री देता येत नाही.

आता कामाची मांडणी सुधारली असे समजा. वस्तू ७५ सेंटिमीटर उंचीवरून उचलली, ती केवळ ४० सेंटिमीटर वर न्यावी लागली आणि शरीराला पीळ पडला नाही, तर मर्यादा सुमारे ८.२ किलोग्रॅमपर्यंत वाढते. सुधारणा लक्षणीय आहे. पण आडव्या अंतराचा गुणक जागच्या जागी राहतो, कारण तो वस्तूच्या रुंदीतून आलेला आहे. ‘कंबर न वाकविता गुडघे वाकवावेत’ ही शिकवण येथे अपुरी ठरते. लहान पेटी दोन गुडघ्यांच्या मध्ये घेता येते. कपाट गुडघ्यांच्या पुढेच राहते, आणि बसून उचलताना ते शरीरापासून अधिकच दूर जाण्याचा संभव असतो.

शिवाय हे समीकरण स्थिर वस्तू, मोकळी जागा व न घसरणारी जमीन गृहीत धरते, आणि दोघांनी मिळून उचलण्याचा विचार त्यात नाही. अडगळीच्या कामात ह्यांपैकी बहुतेक अटी मोडतात. दोघांनी उचलल्यास शक्ती दुप्पट होते ही समजूतही बरोबर नाही. ब्रिटनमधील आरोग्य व सुरक्षा प्रशासनाच्या मार्गदर्शनानुसार दोघांची एकत्रित क्षमता त्यांच्या स्वतंत्र क्षमतांच्या बेरजेच्या सुमारे दोनतृतीयांश व तिघांची सुमारे निम्मी धरावी. जिन्यावरून उतरताना तर भाराचा मोठा वाटा खालच्या पायरीवरील माणसाकडे सरकतो.

पाठीच्या इजेखेरीज वस्तुगणिक निराळे धोके असतात. काचनळीच्या जुन्या दूरचित्रवाणी संचाचा गुरुत्वमध्य पडद्याच्या बाजूस असतो. त्यामुळे तो अनपेक्षितपणे पुढे कलंडतो, आणि त्याच्या नळीच्या काचेत शिसे असते. आधुनिक शीतकपाटांत पुष्कळदा आयसोब्यूटेन हा ज्वलनशील वायू असतो. कचरा दाबणाऱ्या गाडीत लाकडी फळ्या वा गादीच्या स्प्रिंगा दाबल्या जात असता त्यांचे तुकडे वेगाने बाहेर उडू शकतात. गाडीच्या तोंडाशी उभा असलेला कामगारच त्यांच्या टप्प्यात येतो.

धोक्याच्या नियंत्रणाचा एक मान्य क्रम आहे. प्रथम धोका नाहीसा करावा. ते न साधल्यास पर्याय योजावा, नंतर यांत्रिक उपाय, मग कामाची व्यवस्था, आणि सर्वांत शेवटी वैयक्तिक संरक्षक साधने. टोकियोच्या २३ विभागांतील पद्धत ह्या दृष्टीने बोधप्रद आहे. तेथे साधारणतः ३० सेंटिमीटरहून मोठी घरगुती वस्तू टाकावयाची झाल्यास नागरिकाला आगाऊ नोंदणी करून शुल्काची चिठ्ठी वस्तूला लावावी लागते व ठरलेल्या दिवशी ती नेमून दिलेल्या जागी ठेवावी लागते. त्यामुळे कोणती वस्तू कोठे उचलावयाची, हे संकलन करणाऱ्यांना आधीच कळते. १९९८ साली संमत होऊन २००१ पासून अमलात आलेल्या जपानी कायद्याने वातानुकूलन यंत्र, दूरचित्रवाणी संच, शीतकपाट व धुलाईयंत्र ह्या वस्तू पुनर्वापराच्या स्वतंत्र मार्गाकडे वळविल्या; म्हणजे काही सर्वांत जड वस्तू ह्या संकलनातून वगळल्याच गेल्या. ह्या व्यवस्थेने घराबाहेर वस्तू आणण्याचा भार मात्र गृहस्थावर येतो. म्हणून वृद्ध व अपंग व्यक्तींसाठी घरातून वस्तू नेण्याची वेगळी सोय काही विभागांत करावी लागली आहे. भार नाहीसा झाला की केवळ एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर गेला, हा प्रश्न प्रत्येक सुधारणेच्या वेळी विचारला पाहिजे.

भारताच्या २०१६ सालच्या घनकचरा व्यवस्थापन नियमांत कामगारांना गणवेश, चमकणारे जाकीट, हातमोजे, रेनकोट, योग्य पादत्राणे व मुखपट्टी पुरविण्याचा निर्देश होता. ही साधने आवश्यक आहेत. हातमोज्याने खिळा लागत नाही, पादत्राणाने काच रुतत नाही. पण ५० सेंटिमीटरचे अंतर ह्यांपैकी कशानेही ४९ होत नाही. ते अंतर कमी करावयाचे तर चाकांची गाडी, ट्रकच्या मागे बसविलेला उचलमंच, वस्तू जागेवरच सुटी करण्याची अवजारे व तेवढा वेळ ह्यांची तरतूद कंत्राटाच्या अटींतच व्हावयास हवी. खेपांच्या संख्येवर मोबदला ठरविणारे कंत्राट वस्तू सुटी करण्यासाठी थांबणाऱ्या कामगाराला दंडच करीत असते. ह्यास्तव ह्या क्षेत्रातील संशोधकाने कामगार कसा वाकतो एवढेच पाहून थांबू नये. ती वस्तू त्याच्यापुढे त्या जागी, त्या स्थितीत आणि तेवढ्या घाईत उचलण्यासाठी कोणाच्या निर्णयाने आली, ह्याचाही शोध घ्यावा. मणक्यावरील दाबाचे गणित त्या निर्णयापासूनच सुरू होते.